वेलिगामा : मासेमारीच्या गावात राहून सर्फिंग शिकण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ, गॉल आणि मातारा या दोन शहरांच्या मध्ये वेलिगामा हे लहानसे गाव अर्धचंद्राकार उपसागराच्या कडेने वसलेले आहे. कोलंबोपासून ते सुमारे १४५ किलोमीटर अंतरावर आहे. या किनाऱ्यावर तळाशी खडक नसून वाळू आहे, लाटा दूरवरूनच फुटत मवाळ होत येतात, आणि त्यामुळे सर्फिंगची ओळख करून घेण्यासाठी दक्षिण आशियात याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. त्याच वेळी हे मच्छीमारांचे चालते-बोलते गाव आहे. उपसागराच्या पूर्व कडेला मिरिस्साचे मोठे मासेमारी बंदर आहे आणि किनाऱ्याच्या रस्त्यालगत ताज्या मासळीच्या टपऱ्या लागतात. इथला मुक्काम चांगला व्हावा असे वाटत असेल, तर दिवसाची आखणी हॉटेलच्या न्याहारीच्या वेळेनुसार न करता समुद्राच्या वेळेनुसार करावी, ही या लेखातील मुख्य सूचना आहे. पुढची बहुतेक माहिती तिच्याच अनुषंगाने दिली आहे.

कधी जावे आणि किती दिवस राहावे

नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण किनाऱ्याचा हंगाम होय. यामागचे कारण कोकणातील वाचकांना लगेच उमगेल, कारण जो नैर्ऋत्य मोसमी वारा जून-जुलैमध्ये मालवण-रत्नागिरीचा समुद्र खवळून सोडतो, तोच मे ते सप्टेंबर या काळात वेलिगामाच्या बाजूलाही थेट समुद्राकडून वाहतो आणि लाटा विस्कळीत करतो. त्या महिन्यांत सर्फिंग करणारे लोक पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेकडे वळतात, आणि दक्षिणेकडचे काही मच्छीमारही आपल्या होड्या घेऊन पूर्वेकडे मुक्कामाला जातात. नोव्हेंबरनंतर वारा उलटतो. सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहतो, त्यामुळे लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत राहतो आणि ती सावकाश, सरळ रेषेत फुटते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो व पाणी खडबडीत होते. याचा साधा अर्थ असा, की सकाळी साडेसहा ते दहा ही वेळ सर्वांत मोलाची आहे आणि ती झोपेत घालवू नये.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात दुपारी गडगडाटासह पाऊस पडतो. नाताळ ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोहोचतात. माझ्या मते जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा सर्वांत चांगला काळ आहे. एप्रिलमध्ये जाणार असाल तर १३ व १४ एप्रिलच्या आसपास सिंहली-तमिळ नववर्ष असते हे ध्यानात घ्यावे. त्या दिवसांत बरीच दुकाने बंद असतात आणि गाड्या-बस गावी जाणाऱ्या लोकांनी भरून वाहतात. दर पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'च्या दिवशी, देशभर सार्वजनिक सुटी असते, मद्यविक्री बंद असते आणि बौद्ध विहारांत मोठी गर्दी असते. आपल्या मुक्कामात पौर्णिमा येते का, हे कॅलेंडरमध्ये आधीच पाहून ठेवावे.

किमान पाच रात्रींचा मुक्काम ठेवावा असा माझा आग्रह आहे. पहिल्या दोन दिवसांत दंड आणि खांदे इतके भरून येतात की शरीर तिसऱ्या दिवशी विश्रांती मागते. बोर्डवर तोल सांभाळण्याची खरी गंमत चौथ्या-पाचव्या दिवशी कळू लागते. तीन दिवसांत गॉल, वेलिगामा आणि डोंगरांतले एला सगळे उरकण्याचा बेत असेल, तर सर्फिंगचा विचार सोडून देणेच बरे.

निघण्यापूर्वीची तयारी आणि प्रवास

मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत आणि उड्डाणाला सुमारे अडीच तास लागतात. श्रीलंकेची प्रमाणवेळ भारताचीच आहे. पारपत्राची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. प्रवेशासाठीचा 'ईटीए' हा इलेक्ट्रॉनिक परवाना श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा; त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात. भारतीय नागरिकांसाठीच्या शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच ते पुन्हा तपासावेत. प्रवास विमा घेताना त्यात सर्फिंगसारखे साहसी खेळ समाविष्ट आहेत का, हे अटींमध्ये नीट वाचावे, कारण पुष्कळ स्वस्त विम्यांत ते वगळलेले असतात.

सामानात तीन गोष्टी भारतातूनच न्याव्यात. पहिली म्हणजे लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टी-शर्ट, ज्याला 'रॅश गार्ड' म्हणतात. त्याच्याखेरीज बोर्डवर पालथे झोपून पोट आणि छाती सोलून निघते. स्त्रियांनी त्याच्यासोबत पोहण्याची पूर्ण लांबीची लेगिंग घेतल्यास गुडघेही वाचतात आणि उन्हापासून रक्षणही होते. दुसरी, झिंकयुक्त जाड सनस्क्रीन. हे गाव विषुववृत्तापासून जेमतेम ६ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरातही सकाळी नऊनंतरचे ऊन चटके देते. तिसरी, प्लगचे अडॅप्टर, कारण जुन्या इमारतींत आपल्यासारखे गोल पिनांचे आणि नव्या इमारतींत चौकोनी पिनांचे सॉकेट आढळतात. पाण्याचे तापमान वर्षभर २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणून जाड वेटसूटची गरज नाही.

कटुनायके येथील विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. तिथून वेलिगामाला जाण्याचे दोन मार्ग मला सुचवावेसे वाटतात. सोबत लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील, अथवा विमान रात्री उतरत असेल, तर सरळ मोटार करावी. द्रुतगती मार्गाने कोकमादुवा येथे बाहेर पडून अडीच ते तीन तासांत गावात पोहोचता येते. अन्यथा दिवसा कोलंबो फोर्ट स्थानकावरून माताराकडे जाणारी आगगाडी पकडावी. हा प्रवास स्वतःच पाहण्यासारखा आहे, कारण पानदुरा, कळुतरा, बेंटोटा, हिक्कडुवा अशी स्थानके घेत रूळ कित्येक ठिकाणी समुद्रापासून काही पावलांवरून जातात. कोलंबोहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरावी. गॉलला मात्र गाडीचे इंजिन बदलून ती उलट दिशेने निघते, त्यामुळे तिथून पुढे समुद्र दुसऱ्या बाजूला येतो. बहुतेक गाड्यांत दुसरा व तिसरा वर्ग अनारक्षित असतो. मोठ्या बॅगा घेऊन कार्यालयीन वेळेत चढण्याचा प्रयत्न करू नये.

हिक्कडुवाच्या अलीकडे तेलवत्त-पेरलिया हा भाग लागतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटेने इथेच एक भरलेली प्रवासी गाडी रुळांवरून उचलून फेकली आणि दीड हजाराहून अधिक माणसे दगावली. रेल्वे अपघातांच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण घटनांपैकी एक आहे. त्या जागी स्मारक आहे. या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे. तिथल्या लोकांनी स्वतः विषय काढल्याशिवाय आपण त्याबद्दल कुतूहलाने विचारू नये.

पैशांच्या बाबतीत रोख श्रीलंकन रुपये जवळ असणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे, तथापि मासळीच्या टपरीवर किंवा बोर्ड भाड्याने देणाऱ्या मुलाकडे तिच्यावर विसंबून राहता येत नाही. एटीएम गावात बसस्थानकाच्या आसपास आहेत. स्थानिक सिमकार्ड विमानतळावरच घ्यावे आणि 'पिकमी' हे रिक्षा-टॅक्सीचे अॅप उतरवून ठेवावे, म्हणजे रिक्षाभाड्याचा अंदाज येतो.

मुक्काम कुठे करावा

वेलिगामात राहण्याच्या जागा ढोबळमानाने दोन पट्ट्यांत आहेत. किनाऱ्याच्या रस्त्यालगतची हॉटेले समुद्राच्या समोर असली, तरी तोच गॉल-मातारा हमरस्ता असल्याने रात्री उशिरापर्यंत आणि पहाटेपासून बसगाड्यांचे भोंगे ऐकू येतात. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, नारळांच्या वाड्यांमधील घरगुती गेस्टहाउस मला अधिक पसंत आहेत. किनारा पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, शांतता मिळते आणि सकाळी घरची बाई इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, परिप्पू म्हणजे मसूरडाळीचे वरण व नारळाची चटणी असा नाश्ता वाढते. खोली ठरवताना मच्छरदाणी, बोर्ड आणि ओले कपडे ठेवण्यासाठी अंगणात जागा, आणि पहाटे सहाला चहा मिळण्याची सोय, या तिन्हींची चौकशी करावी. वातानुकूलन नसले तरी चालते. चांगला पंखा मात्र हवाच.

सर्व समाविष्ट असलेल्या 'सर्फ कॅम्प'मध्ये राहणे एकट्याने प्रवास करणाऱ्यांना सोयीचे पडते, कारण शिकवणी, जेवण आणि सोबत एकत्र मिळते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी मात्र गेस्टहाउसमध्ये राहून शिकवणी वेगळी ठरवावी.

पहिला दिवस : पाण्यात न उतरता समुद्र पाहावा

पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. लाटा कुठे फुटतात, शिकाऊ मंडळींची दाटी कुठे आहे, कोणत्या भागात होड्या ओढून ठेवल्या आहेत, हे नजरेत भरून घ्यावे. मुंबई-कोकणच्या माणसाला एक गोष्ट इथे वेगळी वाटेल. आपल्याकडे ओहोटीला समुद्र दूरवर जातो आणि पुळण उघडी पडते, पण इथे भरती-ओहोटीतील फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. म्हणून वेळापत्रक ठरवताना भरतीपेक्षा वाऱ्याला अधिक महत्त्व द्यावे.

उपसागराच्या पूर्वेकडे पोलवत्त नदी समुद्राला मिळते. मोठा पाऊस झाला की तिच्या मुखाजवळचे पाणी गढूळ आणि घाण होते. अशा वेळी एक-दोन दिवस त्या बाजूला पाण्यात उतरू नये. कान आणि पोट बिघडण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

याच फेरीत शिकवणीसाठी दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, तो स्वतः पाण्यात उतरतो की किनाऱ्यावरून ओरडून सांगतो, त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे किंवा जीवरक्षणाचे प्रमाणपत्र आहे का, आणि शिकवणीच्या शुल्कात बोर्ड, टी-शर्ट यांचा समावेश आहे का, हे प्रश्न नि:संकोच विचारावेत. एकामागे चारपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर दुसरीकडे जावे. पोहता येत नसेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. कमरेइतक्या पाण्यात सुरुवातीचे धडे घेता येतात, परंतु पाण्यात तोंड बुडाले की घाबरगुंडी उडणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तलावावर शिकून घेणे हाच खरा उपाय आहे.

बोर्डवरचे पहिले धडे

सुरुवातीला आठ ते नऊ फुटांचा, वरून मऊ फोम असलेला बोर्ड घ्यावा. तो अवजड वाटतो, पण त्याच्या लांबी-रुंदीमुळेच नवशिक्याला लाट पकडता येते. दिसायला सुबक असा लहान, कडक बोर्ड घेण्याचा मोह टाळावा.

कोणता पाय मागे राहणार हे प्रथम ठरवावे लागते. प्रशिक्षक नकळत पाठीवर हलका धक्का देतो. तोल सावरण्यासाठी जो पाय आपोआप पुढे येतो तो पुढचा, आणि उरलेला मागचा. बोर्डला बांधलेली दोरी, म्हणजे 'लीश', मागच्या पायाच्या घोट्याला घट्ट बांधायची असते. तिचा वेल्क्रोचा पट्टा सैल राहिला तर पडल्यावर बोर्ड सुटून दुसऱ्याच्या डोक्यावर आदळू शकतो.

त्यानंतर वाळूवर सराव होतो. बोर्डच्या मधल्या रेषेवर पालथे झोपायचे, पायाची बोटे मागच्या टोकाशी टेकवायची, तळहात बरगड्यांच्या बाजूला ठेवायचे. छाती वर उचलताना नजर समोरच्या नारळाच्या शेंड्यावर असावी. मग एका दमात पाय आत घेऊन, गुडघे वाकवून, दोन्ही पावले मधल्या रेषेवर आडवी टेकवून उभे राहायचे. पहिल्या वेळी बहुतेक सगळे जण आधी गुडघ्यावर बसतात आणि मग उठतात. ही सवय वाळूवरच मोडावी, कारण पाण्यात ती पक्की झाली की सुटता सुटत नाही. दुसरी चूक नजरेची होय. पायाकडे पाहिले की माणूस पुढे कोसळतो, समोर पाहिले की तोल राहतो. वाळूवर हे वीसदा-पंचवीसदा करून घाम फुटेपर्यंत पाण्याकडे वळू नये.

पाण्यात चालत जाताना बोर्डचे टोक येणाऱ्या लाटेकडे असावे आणि बोर्ड आपल्या बाजूला असावा. तो आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही येऊ देऊ नये, कारण तसे झाल्यास लाट तो थेट आपल्या तोंडावर आणून आपटते. वेलिगामात ज्या किरकोळ दुखापती होतात, त्यांपैकी पुष्कळशा याच एका कारणाने होतात.

पहिले दोन दिवस फुटून गेलेल्या फेसाळ लाटांतच राहावे. पाणी कमरेपासून छातीपर्यंत असते, प्रशिक्षक योग्य लाट निवडून बोर्डला मागून रेटा देतो, फेस बोर्डखाली शिरला की वेग जाणवतो आणि तेव्हाच उठायचे असते. पडताना उडी मारल्यासारखे न पडता पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडावे, म्हणजे उथळ पाण्यात तळ लागत नाही. वर येताना एक हात डोक्यावर धरावा आणि आधी बोर्ड कुठे आहे ते पाहावे. दीड ते दोन तासांचे एक सत्र पुरेसे आहे. थकल्यावर केलेला सराव चुका शिकवतो.

तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर प्रशिक्षक न फुटलेल्या लाटेकडे नेईल. इथे हाताने वल्हवणे कामी येते: लाट तीन-चार बोर्ड मागे असतानाच जोरात वल्हवायला लागावे, ती बोर्डच्या मागच्या टोकाला उचलू लागली की आणखी दोन हात मारावेत आणि मगच उभे राहावे. बहुतेकांची लाट हे शेवटचे दोन हात न मारल्याने हुकते.

पाण्यातले नियम मोजके आहेत, पण त्यांच्याबाबत ढिलाई चालत नाही. लाट जिथून फुटायला सुरुवात होते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात बोर्ड घालू नये. बाहेर जाताना लाटेवरून येणाऱ्यांच्या वाटेतून जाऊ नये. वळसा घालून फेसातून जावे. कितीही मोठी लाट आली तरी बोर्ड सोडून पाण्यात बुडी मारू नये, कारण मागे कोणीतरी असतेच. वेलिगामात हंगामात शिकणाऱ्यांची एवढी गर्दी असते की माझ्या मते इथला खरा धोका समुद्राचा नसून सुटलेल्या बोर्डांचा आहे. याही कारणासाठी सकाळी लवकर उतरावे.

मध्येच पाणी आपल्याला समुद्राकडे ओढून नेत आहे असे वाटले, तर किनाऱ्याकडे थेट पोहण्याची धडपड करू नये. बोर्ड धरून ठेवावा, किनाऱ्याला समांतर दिशेने सरकावे आणि लाटा फुटत असलेल्या जागी आल्यावर त्यांच्यासोबत आत यावे. बोर्ड तरंगतो, त्यामुळे त्याला धरून हात हलवून मदत मागण्याइतका वेळ नेहमीच असतो.

गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर मिदिगामा आणि अहंगामा येथे नावाजलेल्या लाटा आहेत. मिदिगामाची 'लेझी लेफ्ट' आणि 'रॅम्स', तसेच कबलानाची लाट ही नावे कानांवर येतीलच. या लाटा खडकावर किंवा प्रवाळावर फुटतात आणि 'रॅम्स' तर अगदी उथळ खडकावर. पाच दिवस शिकलेल्याने तिथे किनाऱ्यावर बसून इतरांना पाहावे. तेही शिकणेच आहे. प्रवाळाने कापले तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुऊन त्यातले कण काढावेत, जंतुनाशक लावावे, आणि ती बरी होईपर्यंत समुद्रात उतरू नये. दमट हवेत अशा जखमा लवकर चिघळतात.

मच्छीमारांच्या वेळेला

निदान एका सकाळी सर्फिंग बाजूला ठेवून पहाटे मिरिस्साच्या बंदरावर जावे. बर्फ भरून कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे खोल समुद्रात राहणाऱ्या मोठ्या बोटी इथे ट्यूना उतरवतात. माणसाच्या उंचीचा, पिवळ्या परांचा 'केलवल्ला' दोघे जण शेपटीला आणि कल्ल्यांना धरून काँक्रीटच्या धक्क्यावर ओढत आणतात, खरेदीदार शेपटीजवळ छेद देऊन मांसाचा रंग पाहतात आणि बोली भराभर पुढे सरकते. पाहुण्याने कडेला उभे राहावे, दोरांवर पाय देऊ नये, वजनकाट्यासमोर थांबू नये. जमीन रक्ताने आणि बर्फाच्या पाण्याने निसरडी असते, म्हणून पकड असलेल्या चपला घालाव्यात. छायाचित्र काढण्यापूर्वी नजरेने तरी परवानगी घ्यावी. मान हलवून नकार दिला तर तिथेच थांबावे. ही माणसे रात्रभर जागून कामावर आलेली असतात.

लहान फायबरच्या होड्या सकाळी वेलिगामाच्या पुळणीवरच लागतात. त्यांच्यात एका बाजूला लाकडी उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा ओंडका, जोडलेली 'ओरुवा' ही पारंपरिक होडीही दिसेल. मालवणच्या किनाऱ्यावर उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना तिची ठेवण ओळखीची वाटेल. त्याचप्रमाणे दक्षिण किनाऱ्यावर 'मादेल' नावाने ओळखले जाणारे ओढजाळे म्हणजे आपली रापणच होय. समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. समुद्र शांत असताना, म्हणजे सर्फिंगच्याच हंगामात, हे काम चालते. दोराला हात लावायची इच्छा असेल तर आधी विचारावे, आणि एकदा धरल्यावर मध्येच सोडून छायाचित्रांच्या मागे लागू नये, कारण तालावर चाललेली ओढ त्याने बिघडते.

समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळाने मासे धरणारे मच्छीमार कोग्गला आणि अहंगामा या पट्ट्यात दिसतात. आज त्यांतले बरेचसे पर्यटकांसाठी बसतात आणि छायाचित्राचे पैसे घेतात. यात रागावण्यासारखे काही नाही. रक्कम आधी ठरवावी आणि द्यावी. या किनाऱ्याचे जुने जीवन समजून घ्यायचे असेल, तर कोग्गला येथील मार्टिन विक्रमसिंह लोककला संग्रहालयात अर्धा दिवस घालवावा. सिंहली लेखक विक्रमसिंह यांच्या जन्मघराभोवती उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात होड्या, जाळी, शेतीची अवजारे आणि मुखवटे फार निगुतीने मांडलेले आहेत.

काय खावे, आणि शाकाहारींनी काय सांभाळावे

किनाऱ्याच्या टपरीवरून मासा घेऊन गेस्टहाउसमध्ये शिजवून घेणे हा इथला सर्वांत चांगला जेवणाचा बेत आहे. 'तोरा' म्हणजे आपली सुरमई, 'इस्सो' म्हणजे कोळंबी आणि 'दल्लो' म्हणजे माकूळ. मासळी पारखण्याच्या आपल्या खुणा इथेही लागू पडतात: कल्ले लालभडक, डोळा फुगीर व स्वच्छ, आणि बोट दाबल्यावर मांस परत वर येणारे. ट्यूनाच्या बाबतीत एक जादा काळजी घ्यावी. तो उन्हात बर्फाविना पडून राहिला तर त्याच्यात हिस्टामीन हे त्रासदायक रसायन साठते, शिजवूनही ते जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर लाली, खाज व डोकेदुखी होते. म्हणून बर्फातलाच ट्यूना घ्यावा, आणि तोही सकाळी.

दक्षिण श्रीलंकेची खासियत म्हणजे 'अंबुल तियल'. ट्यूनाचे चौकोनी तुकडे मिरी आणि 'गोरका' या सुकवलेल्या आंबट फळाच्या वाटणात घोळवून, मातीच्या भांड्यात पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजवतात. गोरका हे आपल्या कोकमाच्याच कुळातील फळ आहे, त्यामुळे ही आंबट चव कोकणी जिभेला परकी वाटत नाही. गोरक्यामुळेच हा पदार्थ फ्रीजबाहेरही काही दिवस टिकतो, आणि लांब पल्ल्याच्या मच्छीमारीत त्याचे महत्त्व यावरून कळून येते.

शाकाहारी मंडळींची इथे उपासमार होत नाही. फणसाच्या कोवळ्या कुयरीची 'पोलोस', भोपळा, बीट, हिरव्या शेंगा, परिप्पू आणि भात असे भरगच्च ताट दुपारी जागोजागी मिळते. अडचण आहे ती 'उंबलकड' या सुकवलेल्या ट्यूनाच्या चुऱ्याची. नारळाच्या 'पोल संबोल' चटणीत तो जवळजवळ नेहमी असतो आणि काही भाज्यांतही घालतात. 'मासे नकोत' एवढे सांगून भागत नाही, कारण पुष्कळांच्या लेखी तो मासा नसून मसाला आहे. 'उंबलकड एपा', म्हणजे उंबलकड नको, असे नेमके सांगावे आणि शक्य तर जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. जेवणानंतर मातीच्या मडक्यात लावलेले म्हशीचे घट्ट दही आणि त्यावर कितुल ताडाचा पातळ गूळ, याला तोड नाही.

आसपास

गावातच रेल्वेमार्गाजवळ 'कुष्टराजगल' हे कातळात कोरलेले बोधिसत्त्वाचे उंच शिल्प आहे. त्वचारोगाने ग्रासलेला एक परदेशी राजा इथे शहाळ्याच्या पाण्याने बरा झाला, अशी आख्यायिका आहे. किनाऱ्याजवळच्या तप्रोबेन या चिमुकल्या बेटावर १९२० च्या दशकात काउंट द मोनी या फ्रेंच गृहस्थांनी बंगला बांधला. ते आता खासगी मुक्कामाचे ठिकाण असल्याने बाहेरूनच पाहावे. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे पाहण्यासाठी सकाळी बोटी निघतात. इथे समुद्राचा तळ किनाऱ्यापासून लवकर खोल होत जातो, म्हणून हा प्रचंड प्राणी इतक्या जवळ येतो. देवमाशाच्या मागे धावणाऱ्या, त्याला घेरणाऱ्या बोटी टाळाव्यात. किमान १०० मीटर अंतर राखतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये. गॉलचा डच किल्ला एका दुपारी बसने जाऊन पाहण्यासारखा आहे.

वागणूक आणि सुरक्षितता

पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवावेत. बाजारात, बसमध्ये आणि स्थानकावर वावरताना वरून सदरा-लुंगी किंवा कुर्ता घालावा. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, चपला आणि टोपी बाहेर काढाव्यात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे हा तिथे गंभीर अवमान समजला जातो. गावात मुस्लिम वस्तीही आहे. शुक्रवारी दुपारी मशिदीजवळच्या गल्ल्यांतून रिक्षा किंवा स्कूटर दामटू नये. रिक्षावाल्याला किंवा प्रशिक्षकाला वयाने मोठा असल्यास 'अय्या', लहान असल्यास 'मल्ली' म्हटले की बोलण्यातला परकेपणा कमी होतो, आणि गेस्टहाउसच्या मालकिणीला 'अक्का' म्हणायला मराठी माणसाला शिकवावे लागत नाही.

स्कूटर भाड्याने सहज मिळते, परंतु केवळ भारतीय परवान्यावर ती चालवता येत नाही. श्रीलंकेतील तात्पुरता परवाना किंवा तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता लागते. परवाना नसताना अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते, आणि हमरस्त्यावरच्या बस ज्या वेगाने ओव्हरटेक करतात ते पाहता नवख्याने रिक्षाच करावी.

डासांमुळे डेंग्यूचा धोका असतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ डास-प्रतिबंधक मलम लावावे. किनाऱ्यावर भटकी कुत्री पुष्कळ आहेत. चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मोठी रुग्णालये माताऱ्याला आणि गॉलजवळच्या कारापिटियाला आहेत. रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक देशभर चालतो आणि ही सेवा विनामूल्य आहे. २०१६ मध्ये ती भारताच्या अनुदानातून सुरू झाली. पोलिसांसाठी ११९ क्रमांक आहे. खोली ताब्यात घेतल्यावर मालकाला उंच जागेकडे जाणारी वाट विचारून ती एकदा पायी चालून पाहावी. जोराचा भूकंप जाणवला किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर सूचनेची वाट न पाहता त्या वाटेने निघावे.

परतीच्या दिवशी सकाळी सर्फिंग करून दुपारच्या विमानाला धावण्याचा बेत करू नये. वेलिगामाहून विमानतळापर्यंत मोटारीने तीन तास आणि वाहतुकीसाठी आणखी एक तास हिशेबात धरावा. आगगाडीने जाणार असाल तर कोलंबोत आदली रात्र काढावी. ओला रॅश गार्ड आदल्या संध्याकाळीच गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालावा. दालचिनी, मिरी आणि गोरका घरी न्यायचा असेल तर तो रस्त्यावरच्या पर्यटकांच्या दुकानाऐवजी गावातल्या बाजारातून घ्यावा, आणि सुकी मासळी घेणार असाल तर विमान कंपनीचा नियम विचारून ती हवाबंद पिशवीत बांधून सामानात द्यावी.